टॅक्सी कुणाच्या हातची?

छोट्या गाड्यांची मॉडेलं करणाऱ्या क्लबातल्या चाळीस जणांना डोळे होते, खिशात भिंगं होती, तरी अकरा वर्षांत एकालाही दिसलं नाही की 'उस्तादां'च्या बोटाला कधी रंगाचा साधा डाग नसतो. त्यांच्या बायकोच्या नखांत मात्र धातूची पूड भरलेली असे, अंगठ्यावर कापल्याच्या खुणा असत. पण वहिनींच्या हातांकडे बघतो कोण? त्या हातांतून चहाचा कप घेतला की झालं.

खरी गोष्ट अशी, की त्या घरातली एकूण एक छोटी गाडी वहिनींनी बनवलेली होती. दातांच्या लॅबमध्ये त्यांची सव्वीस वर्षं गेली. डॉक्टरांकडून ठसा आला की त्या मेणात दात कोरायच्या, भोवती साचा ओतायच्या, भट्टीत मेण जाळून टाकायच्या आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतायच्या. दात जिभेला जरासा टोचला तरी माणूस जेवताना शिव्या घालतो, त्यामुळे केसभरही चुकायची सोय नाही. निवृत्त झाल्यावर तीच विद्या त्यांनी गाड्यांना लावली. दुकानातल्या खोक्यात मिळणारे तयार भाग त्यांना बघवत नसत. "हे दाराचं हँडल आहे की पावाचा तुकडा?" असं म्हणून त्या तांदळाच्या दाण्याएवढं हँडल मेणात कोरायला घ्यायच्या. पुढची जाळी दात सरळ करायच्या तारेची. दिवे कवळीच्या अ‍ॅक्रिलिकचे, फक्त गुलाबीऐवजी पारदर्शक, घासून घासून पाण्यासारखे केलेले. स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्यांचं टेबल होतं. दुपारची जेवणं आटोपली की त्या तिथे बसायच्या, आणि नवरा शेजारच्या खोलीत तोंडावर पेपर घेऊन घोरायचा.

पहिल्या प्रदर्शनाचा अर्ज नवऱ्याने भरला. "क्लबाचा सभासद मी, तेव्हा नाव माझंच लागणार," तो म्हणाला. वहिनींनी मान डोलावली, आणि तिथेच त्या फसल्या. पहिल्या वर्षी लोकांनी पाठ थोपटली तेव्हा तो निदान लाजला तरी. दुसऱ्या वर्षी "जमतं आपलं थोडंफार" म्हणाला. पाचव्या वर्षी तर गड्याने नवख्यांपुढे उभं राहून या कामात धीर कसा धरावा यावर भाषण ठोकलं. धीर! ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही त्याने! वहिनी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होत्या. घरी येऊन त्या कडाडल्या, तर हा म्हणतो कसा, "अगं, आपल्यात कसलं आलंय तुझं नि माझं?"

या वेळी मामला वेगळा होता. शहरात चाळीस वर्षं धावलेली गोल टपाची टॅक्सी मोडीत निघाली होती, आणि वाहतूक कचेरीने दर्शनी दालनात कायमची ठेवायला तिचं छोटं मॉडेल क्लबाकडे मागितलं. काचेची पेटी, खाली पितळी पाटी, पाटीवर बनवणाऱ्याचं नाव. वहिनी सव्वा वर्ष खपल्या. शेवटची टॅक्सी एका गॅरेजात धूळ खात पडली होती. वहिनी तिच्याखाली पाठीवर झोपून मापं घेत होत्या, आणि मेकॅनिक बाहेर खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याला म्हणत होता, "साहेब, बाईंना कशाला त्रास देता तुमच्या कामाचा?" साहेबांनी हसून पाय लांब केले.

त्याच दिवशी वहिनींनी त्याला निक्षून सांगितलं, "प्रदर्शनं दोन दिवसांत गुंडाळतात, तिथलं नाव सोडून दिलं मी. ही गाडी आपण गेल्यावरही तिथे असणार. पाटीवर माझं नाव पाहिजे."

"सांगतो अध्यक्षांना."

पंधरा दिवसांनी त्यांनी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगतो म्हटलं ना!"

उद्घाटनाच्या सकाळी वहिनी दालनात शिरल्या तर पाटीवर ठसठशीत अक्षरांत नवऱ्याचं नाव. एकट्याचं. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या काही बोलणार तोच त्यांची नजर टॅक्सीच्या दिव्यांवर पडली. दोन्ही दिवे दुधाळ झाले होते आणि आत बारीक भेगांचं जाळं पसरलं होतं.

"दिव्यांना काय केलंत तुम्ही?"

"काही नाही गं. काल पेटीत ठेवताना जरा स्पिरिटने पुसले. चमकायला नकोत?"

स्पिरिट! लॅबमध्ये नवीन लागलेल्या पोरीलाही पहिल्या दिवशी बजावतात, की अ‍ॅक्रिलिकला स्पिरिट लागलं की ते तडकतं. आयुष्यात एक दिवा घासून काढला असता तर या माणसाला ते कळलं असतं.

वहिनींनी पेटीचं दार उघडलं तसे अध्यक्ष धावत आले. "अहो वहिनी, हात नका लावू! फार नाजूक काम असतं हे. उस्तादांना बघू द्या."

"नाजूक आहे हे तुम्ही मला सांगताय? त्यांनीच वाट लावलीये दिव्यांची."

"ज्यांनी बनवले त्यांना कळत नसेल का, वहिनी?"

"बरं. मग विचारा त्यांना, हे दिवे कशाचे आहेत?"

अध्यक्ष हसून वळले. "सांगा हो उस्ताद."

"काचेचे," नवरा म्हणाला. मग बायकोच्या चेहऱ्याकडे बघून चाचरला, "म्हणजे... काचेसारखे."

"आणि पुढची जाळी कशाची?"

उस्ताद वाकून जाळीकडे निरखून बघू लागले. वहिनींनी पर्समधून डबी काढली. कुठल्याही भागाचे दोन जास्तीचे नग करून ठेवायची त्यांची लॅबपासूनची सवय होती. त्यांनी चिमटा नवऱ्यापुढे धरला. "घ्या. जुने काढा, नवे बसवा. दोन मिनिटांचं काम आहे."

एव्हाना सगळा क्लब भोवती जमला होता. नवऱ्याने दिवा चिमट्यात धरला, नको तेवढा दाबला, आणि दिवा टुणकन उडून कुणाच्या तरी खुर्चीखाली गेला. नवऱ्याने चिमटा खाली ठेवला.

"मला येत नाही," तो म्हणाला. "यातली एकही गाडी मी केलेली नाही. सगळ्या हिच्या."

वहिनींना वाटलं होतं, हे ऐकून गार वाटेल. पण राग काही उतरला नाही. एवढं एक वाक्य बोलायला या माणसाला अकरा वर्षं लागली होती. त्यांनी दिवा शोधून पुसला, चष्मा लावला, टॅक्सी बाहेर घेतली आणि कामाला लागल्या.

"इतक्या लोकांत माझी अशी शोभा करायची होती का?" नवरा कानाशी पुटपुटला.

"अकरा वर्षं मी इतक्याच लोकांत बसले होते," वहिनी मान वर न करता म्हणाल्या.

दिवे बसले. पेटी बंद झाली. अध्यक्ष पार ओशाळले होते. त्यांनी लगबगीने वही आणि पेन काढलं. "आजच नवी पाटी करायला टाकतो. तर... नाव काय लिहायचं?"

अकरा वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यायले, त्यांचं नाव अध्यक्षांना ठाऊक नव्हतं. नवरा सांगायला पुढे झाला.

"तुम्ही थांबा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पेन घेतलं, स्वतःचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं आणि वही परत दिली.

"आभारी आहे हं, वहिनी," अध्यक्ष म्हणाले आणि वही मिटायला लागले.

वहिनींनी मिटत्या वहीत बोट घातलं. "नाव आत्ता लिहून दिलंय ना? वाचा."

अध्यक्षांनी वही पुन्हा उघडली आणि नाव मोठ्याने वाचलं.