उन्हात घातलेलं चित्र

पेणच्या एसटी स्टँडवर बाबाने माझ्या बॅगेत आमच्या मिठागरातल्या मिठाची पिशवी कोंबली तेव्हा मी चिडलेच होते. रंगांचा डबा, ड्रॉइंग बोर्ड, चादरी आणि आईने दिलेले सुके बोंबील, एवढं ओझं आधीच झालं होतं. बडोद्यात मीठ मिळतं, असं मी सांगून पाहिलं. बाबाने गुडघा लावून बॅगेची चेन ओढली. नव्या जागी आधी घरचं मीठ शिरलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. बस सुटताना इतरांचे बाप अभ्यास कर म्हणतात. माझा म्हणाला, "सांडू नको. मीठ सांडलं तं वर गेल्याव पापन्यांनी येचायला लागंल."

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलात, त्यांच्या बॅगेतही असलं काहीतरी असेलच. जे मागे राहिलात त्यांना सांगते, ते कामाला येतं, फक्त देणाऱ्याच्या मनात असतं त्या कामाला नाही.

बोंबलांना हॉस्टेलच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बाहेरची वाट दाखवली. जेवण मेसचं, त्यामुळे मीठ कपाटात पडून राहिलं. कॉलेजात सुरुवातीला आम्ही दुसऱ्यांच्याच चित्रांत राहत होतो म्हणा ना. लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं काढायची, एकेका चित्रकाराचं काम न्याहाळायचं आणि त्याच्यासारखं करून बघायचं. जपानी ठशांसारखे सपाट रंग झाले, पहाडी लघुचित्रांतली पान न् पान वेगळं काढलेली झाडं झाली, मेण लावून रंगवलेले कागद झाले. माझं सगळं बरं यायचं, पण त्यातलं माझं असं काहीच वाटायचं नाही. मग एका परदेशी चित्रकाराच्या बर्फाच्या चित्रापाशी सर थांबले आणि म्हणाले, हे मिठाने केलंय. ओल्या जलरंगावर मीठ पेरायचं. खडा भोवतालचा रंग ओढून घेतो आणि वाळल्यावर झटकला की मागे फिकट फुलं उरतात.

सगळ्यांनी दुकानातलं बारीक मीठ आणलं. मी कपाटातली पिशवी काढली. माझ्या जाड्या खड्यांनी कागदावर फुलंबिलं काही उमटली नाहीत. उमटला तो आमच्या मिठागराचा तळ, चिखल, भेगा आणि कडेच्या पांढऱ्या रेघेसकट.

नंतर सगळ्यांनी आपापलं मीठ कचऱ्याच्या डब्यात झटकलं. माझा हात काही धजेना. मी टेबलावरचं, मग फरशीवरचं, निळं-तांबडं झालेलं मीठ टिपून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरलं. हेतल, माझी रूममेट, पोट धरून हसली. पुढे दरवेळी तसंच करत गेले आणि शेवटच्या वर्षापर्यंत डबा गच्च भरला.

त्याच वर्षी हेतलने माझा मीठ पेरतानाचा व्हिडिओ टाकला. तो फिरत फिरत दादाच्या मोबाइलवर गेला आणि दादाने कौतुकाने बाबाला दाखवला. बाबा फोनवर यायचा बंद झाला. आईने विचारलं, "कागदाव मीठ फेकतंस व्हय?" सगळं आयुष्य आगरात उन्हात उभं राहून काढलेल्या माणसाला ते फेकणंच दिसणार. त्यात मिठागराचा तो शेवटचा हंगाम. नंतर भराव पडायचा होता आणि माती वाहायला दादाचाच डंपर लागणार होता. माझी पिशवी संपली होती आणि मला वार्षिक प्रदर्शनासाठी तेच मीठ हवं होतं, दुसऱ्या मिठाने तो तळ उमटत नव्हता. पण मिठापेक्षा बाबाचा अबोला जास्त लागत होता.

होळीला घरी गेले ती डबा घेऊनच. बाबा मिठाच्या राशीपाशी बसला होता. मी डबा त्याच्यापुढे ठेवला. त्याने झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि सवयीने एक खडा जिभेकडे नेला. मी त्याचं मनगट धरलं. "बाबा, खाऊ नको, रंग हाय त्यात."

"समदं येचलंस?"

"व्हय. सांडलं न्हाय."

तो हसला नाही की जवळही आला नाही. गोणी घेतली आणि राशीतलं मीठ भरायला लागला. गोणीचं तोंड शिवताना म्हणाला, "येक चित्र घराला दे."

मी दिलं. प्रदर्शन आटोपल्यावर सगळ्यात मोठं चित्र, काचेशिवाय, नुसत्या चौकटीत. बडोद्याच्या कोरड्या हवेत त्याला काही झालं नसतं. घरी पावसाळा लागताच ते पाझरायला लागलं. कागदात मुरलेलं मीठ ओल धरणारच. बाबाचा फोन आला. मिठागर बुजलं होतं, त्यामुळे त्याला वेळच वेळ होता. चित्र भिजलं तर काय करतोस, मी विचारलं.

"काय करनार? उघडीप झाली का उन्हात घालतो. सांजंला आत घेतो."

जलरंगाचं चित्र उन्हात ठेवायचं नसतं, रंग उडतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी आता इथेच, बडोद्यात, एका शाळेत मुलांना तेच शिकवते. घर कुठलं असं कुणी विचारलं की मला ते अंगण आठवतं, आभाळाकडे बघत बसलेला बाबा आठवतो आणि त्याच्या शेजारी ऊन खाणारं माझं चित्र.

रंग उडतो हे मी त्याला सांगितलेलं नाही.