बिल्ला नंबर पाच

मारोतीमामानं तीस वर्षं तेलंगणातल्या नल्लपल्लीत कोळसा काढला. मग खाणी बंद पडल्या, गाव ओस पडलं. मागं राहिलेले म्हणायचे, "नवा जिल्हा होऊन राहिला, आता दिवस पालटतील." मामा मात्र हिमायतनगरजवळच्या आपल्या वाडीत परतला. आला तोही दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात, बायामाणसं टँकरमागं घागरी घेऊन पळत होती तेव्हा. मुहूर्त तरी बघा!

गावानं सार्वजनिक विहीर आणखी खोल घ्यायला काढली. मामानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून नंबरी बिल्ले केले. खाणीतला कायदाच तो. उतरताना आपला बिल्ला झाडाच्या खिळ्याला अडकवायचा, वर आलं की काढायचा. एक जरी बिल्ला लटकत असला, तरी सुरुंग पेटवायचा नाही.

गडी हसले. लिंबाजी तर लई चावट. "मामा, हजेरी घेता का? गुरुजी झाले का?" आणि हाच बाबा वर आल्यावर बिल्ला काढायचा विसरायचा. दोनदा मामानं काम थांबवलं, दोनदा लिंबाजी घरी भाकर मोडताना सापडला. गावभर मामाची टिंगल झाली.

एका दुपारी सुरुंग भरले, गडी वर आले. खिळ्याला लिंबाजीचा पाच नंबर तसाच.

"असंल घरी," सरपंच व्यंकटराव वैतागले. "सुरुंगवाल्यांना पुढच्या गावाला जायचं हाय. पेटवा!"

"न्हाई."

"मामा, डोस्कं फिरलं का?"

मामा वातीवर पाय देऊन उभा राहिला. "खाणीत माझ्या सख्ख्या भावाचा बिल्ला असाच लटकत राहिला व्हता. मीच म्हणलो व्हतो, असंल घरी."

मामानं विहिरीत वाकून हाक मारली, "लिंब्याऽऽ!"

मधल्या कपारीतून जांभई ऐकू आली. गारव्याला झोपला होता लेकाचा! "काय गलका लावलाय?"

दोर सोडून त्याला वर ओढला. वात दिसली तशी त्याची झोप उडाली. सरपंचांनी टोपी काढून घाम पुसला.

त्यानंतरच बार उडाला. चौथ्या दिवशी खडकातून पाणी फुटलं, घागर बुडेल एवढं. सगळे चिखलानं माखून, ओरडत वर आले. लिंबाजी आधी झाडाकडं गेला. बिल्ला काढून त्यानं मामाच्या हातावर ठेवला.

"मामा, पाच नंबर वर आला."

मामानं तो पत्रा मुठीत आवळला आणि भावासाठी राहिलेलं सगळं रडून घेतलं.