महालिंगप्पांची बरणी आणि कराचीची आगबोट

कै. महालिंगप्पा गुंडप्पा हत्तुरे, राहणार अणदूर, जिल्हा उस्मानाबाद. जन्म इ.स. १८८७, निधन इ.स. १९५१. व्यवसाय काष्ठौषधींच्या दुकानाचा. जन्मभर गळ्यात इष्टलिंग बाळगलेल्या आणि दारूचा थेंबही जिभेला न लावलेल्या या गृहस्थाचे नाव एकदा एका आगबोटीच्या कोठारात ‘दारू’ या शब्दाच्या शेजारी टांगले गेले. या गोष्टीचा सल त्यांना अखेरपर्यंत राहिला. त्याहून मोठा एक सल होता, पण तो त्यांनी तीन वर्षे कोणाला सांगितला नाही.

दुकान अणदूरच्या पेठेत, निजामाच्या मुलखात, सोलापूरची हद्द जवळच. भिंतीला मडकी उतरंडीने नव्हे, ओळीने लावलेली. बेलाची मुळी, शिवणीची मुळी, सुंठ, पिंपळी, प्रत्येकीची जागा ठरलेली. गिऱ्हाइकाने हात घालून काही उचललेले त्यांना खपत नसे. पंचक्रोशीत नाव झाले ते मात्र एकाच औषधामुळे, बाळंतिणीच्या दशमूलारिष्टामुळे. दहा मुळ्यांचा काढा आटवायचा, त्यात गूळ, मध आणि धायटीची फुले घालायची, तूप मुरलेल्या बरणीत भरून तोंडाला कापड बांधायचे आणि बरणी भुशात पुरून महिनाभर विसरून जायचे. आत ते आपोआप आंबते, खदखदते आणि शेवटी शांत होते. शांत झाले की नाही हे महालिंगप्पा बरणीला कान लावून ठरवीत. आतून सळसळ ऐकू आली तर बरणी पुन्हा भुशात. घाई केलेली त्यांना माहीत नव्हती.

ही बरणी त्यांच्या पत्नीची, लक्ष्मम्मांची. त्यांनी ती आळंदहून, माहेरून आणली होती. आजीच्या काळापासून तिच्यात तूप मुरत आलेले. लक्ष्मम्मा ती दुसऱ्या कोणाला धुऊसुद्धा देत नसत.

एकुलती एक मुलगी शिवकांता. तिचे यजमान पंचाक्षरी हे कराचीला कापसाच्या एका पेढीत लेखनिक होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, हा रिवाज. परंतु शिवकांतेची प्रकृती नाजूक, आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. तेव्हा सासूबाईंनी निरोप धाडला की मुलगी माहेरी येत नसेल तर माहेराने इकडे यावे, आणि बाळंतिणीचे औषध माहेरचेच असावे. महालिंगप्पांनी ते मनावर घेतले. बरणी भरली, भुशात पुरली आणि पौर्णिमेपर्यंत ती तयार होईल असा हिशेब मांडला.

पण बाळ हिशेबाने आले नाही. १९४६ सालच्या पौषात कराचीहून तार आली की मुलगा झाला, बाळंतीण अशक्त आहे, लवकर या. महालिंगप्पांनी भुसा बाजूला सारला आणि बरणीला कान लावला. आतून बारीक सळसळ चालूच होती.

“अजून हाय का आवाज?” लक्ष्मम्मांनी विचारले.

“हाय थोडा. थंडीनं लांबलंय.”

“मग ऱ्हाऊ द्या. बाजारातली बाटली घेईल लेक.”

“बाजारातलं कशाचं असतंय ते कुणाला ठावं? वाटेत मुरंल हे. कापड सैल बांधलं म्हणजे झालं.”

लक्ष्मम्मांनी डिंकाचे लाडू बांधून दिले आणि बरणी स्वतःच्या जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळली. निरोप देताना त्या एवढेच म्हणाल्या, “औषध सांडलं तरी चालंल, बरणी माघारी आणा.”

हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर पहिली अडवणूक झाली. शिपायाने लुगड्याला नाक लावले आणि मिश्कीलपणे म्हणाला, “क्या चचा, इस उमर में?” महालिंगप्पा संतापाने लाल झाले. तोच आतून नाक्याचे मुन्शी बाहेर आले. त्यांच्या तिन्ही सुनांचे काढे याच दुकानातून गेलेले. “अरे, हे बाळंतीणवाले अप्पा,” ते म्हणाले, “जाने दो.” आणि गाडी सुटली. या प्रसंगाने महालिंगप्पांचा असा समज झाला की खऱ्या माणसाला कोठेही अडचण येत नाही. तो समज मुंबईच्या बंदरापर्यंत टिकला.

सोलापूरपासूनच त्यांना एक सोबती मिळाला होता. कळंबचा व्यंकट, एका धान्याच्या अडत्याचा माणूस, वसुलीसाठी कराचीला निघालेला. तोंडाचा मोकळा, हाताचा त्याहून मोकळा. गाडीत त्याने त्यांच्या लाडवांचा समाचार घेतला आणि बंदरावर स्वतःची वळकटी थोपटत कानाशी लागून म्हणाला, “मामा, आमच्या गादीत विलायती बाई झोपलीय. बोटीवर त्यांची महाग असती, अन् आपली न्यायला बंदी. तुमची बरणी बी द्या इकडं. दोघी शेजारी झोपतील.”

“माझ्यापाशी चोरीचा माल न्हाय.”

“माल चोरीचा नसंल. वास तर चोराचाच येतोय.”

बरणी छातीशी धरून, सरळ मानेने महालिंगप्पा शिडी चढले.

वर एक गोवेकर बटलर उभा होता. बोटीच्या कोठाराची व्यवस्था त्याच्याकडे. त्याने बरणीकडे पाहिले, नाक पुढे केले आणि बाजूला होण्याची खूण केली. मागून व्यंकट वळकटी खांद्यावर टाकून, बटलरला रामराम घालून, बिनबोभाट पुढे गेला.

“बाबा, हे काय?”

“औषध. बाळंतिणीचं.”

“वास दारूचा आहे.”

“आंबवलेलं असतं ते.”

“मग नशा येते?”

आता या ठिकाणी दुसरा कोणीही ‘नाही’ म्हणाला असता. महालिंगप्पांनी क्षणभर विचार केला आणि आयुष्यभराच्या सवयीने खरे ते सांगितले. “दोन चमचे घ्यायचं असतं. कुणी वाटीनं प्यायला तर येईल.”

बटलरच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मिटला. उतारूंनी आपापली दारू बोटीवर बाळगायची नाही, कोठारात ठेवायची, कराचीला उतरताना परत मिळेल. त्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली, नाव विचारले आणि इंग्रजीत दोन शब्द लिहिले. महालिंगप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हते. शेजारून जाणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, “हत्तुरे, दारू.”

“हे खोडा. औषध लिहा,” ते बटलरला म्हणाले.

“औषध लिहायला डॉक्टरची सही लागते. बोटीचा डॉक्टर आज नाही.”

“मग काहीच लिहू नका.”

“काहीच लिहिलं नाही तर ठेवणार कुठं? बाबा, मागं रांग आहे.”

रांगेतून हसण्याचा आवाज आला. कोणीतरी म्हणाले, म्हातारा पक्का दिसतो, मण्यांची माळ घालून माल नेतोय. महालिंगप्पांनी वर साहेबाला भेटण्याची मागणी केली. साहेब आला, त्याने चिठ्ठी वाचली, बरणी पाहिली, मान हलवली आणि गेला. त्याच्या लेखी भांडण संपले होते. महालिंगप्पांच्या मते ते सुरूच झाले नव्हते, कारण त्यांचे म्हणणे अजून कोणी ऐकूनच घेतले नव्हते.

बटलर स्वभावाने वाईट नव्हता. त्याने लुगडे हळूच सोडले, कापडाने बांधलेले तोंड पाहिले आणि म्हणाला, “हे उघडं आहे. असं ठेवलं तर उद्या म्हणाल, आम्ही प्यालो. बूच घट्ट बसवून तारेनं आवळतो, वर लाख लावतो. चालेल ना?”

नेमका हाच प्रश्न होता. आत अजून सळसळ चालू आहे, तोंड मोकळे ठेवले नाही तर हवा कोंडेल, हे त्या बोटीवर फक्त महालिंगप्पांना ठाऊक होते. ते सांगायला एक वाक्य पुरे होते. परंतु ज्या माणसाने आपल्याला दारुडा ठरवले, त्याला आपण औषधाचा विधी समजावून सांगायचा, ही कल्पनाच त्यांना सहन झाली नाही. त्यांनी समुद्राकडे तोंड फिरवले.

“तुमचा कायदा. तुम्ही जाणा.”

बटलरने बूच ठोकले, तार आवळली, लाख ओतली आणि बरणी खाली नेली. कोठार बॉयलरच्या भिंतीला लागून होते.

प्रवासभर महालिंगप्पा डेकवर आपल्या सतरंजीवर ताठ बसून राहिले. ‘जाऊन सांगावे’ असे त्यांना पुन्हा पुन्हा वाटले. दोनदा ते उठलेही. पहिल्यांदा कोठाराच्या जिन्यापर्यंत गेले, तेव्हा बटलर दोन साहेबांना पेले भरून देत होता. त्याने वर पाहून सहज विचारले, “काय बाबा, आठवण आली?” बटलरला ती थट्टा वाटली. महालिंगप्पा परत फिरले. दुसऱ्यांदा ते जिन्यापर्यंतही पोचले नाहीत. इकडे व्यंकट पेल्यात पाणी मिसळून, कोणाच्या लक्षात न येता, खुशीत गुणगुणत होता.

“मामा, रागावू नका,” तो म्हणाला. “पर माझी बाटली माझ्याजवळ हाय, अन् तुमची बरणी कैदंत. खरं बोलून काय मिळवलंत?”



कराची दिसू लागली तेव्हा बटलर स्वतःच वर आला. त्याच्या हातात इरकली लुगडे होते, ओले आणि काळपट. त्यात बरणीचे तुकडे होते. सकाळी कोठारात बार उडाल्यासारखा आवाज झाला, असे त्याने सांगितले.

“मी विचारलं होतं, बाबा,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “चालेल ना म्हणून विचारलं होतं.”

महालिंगप्पांनी तुकडे घेतले. एका तुकड्याला अजून ती चिठ्ठी लटकत होती. त्यांनी ती सोडवली, फाडण्यासाठी धरली आणि मग न फाडता बटलरच्या हातात दिली. त्याची वस्तू त्याच्याकडे गेली पाहिजे, एवढी व्यवस्था त्यांच्याने त्याही वेळी मोडवली नाही.

जावयाच्या घरी शिवकांतेच्या सासूबाई महादेवी दारातच होत्या. त्यांनी बाळाच्या आजोबांची दृष्ट काढली, लाडवांचा डबा घेतला आणि औषध विचारले. महालिंगप्पांनी बोटीचा कायदा सांगितला, कोठार सांगितले, बॉयलर सांगितला. बटलरचा प्रश्न तेवढा गाळला.

“म्हणजे माहेरचं औषध बोटच प्याली म्हणायचं,” महादेवी म्हणाल्या. “बोटीचं बाळंतपण चांगलं झालं असंल.”

आत शिवकांता भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक, हात काडीसारखे. तिने पंचाक्षरींनी आणलेली बाजारची बाटली फोडलीच नव्हती.

“अप्पांचं येणार म्हणून थांबले,” ती म्हणाली.

हे वाक्य महालिंगप्पांना बटलरच्या चिठ्ठीपेक्षा जास्त झोंबले.

पुन्हा अरिष्ट करायचे तर महिना हवा, आणि धायटीची फुले त्या बाजारात मिळेनात. मिळाल्या त्या मुळ्या. मग त्यांनी मुक्काम वाढवला. रोज पहाटे उठून जावयाच्या लहानशा स्वयंपाकघरात ताजा काढा उकळायचा, गाळायचा आणि समोर उभे राहून लेकीला पाजायचा, हा क्रम सुरू झाला. अरिष्ट गोड असते. हा काढा कडूजहर. शिवकांता तोंड वाकडे करी आणि पिई. महादेवींना चुलीचा ताबा गेल्याचा राग येई. “व्याही आलेत का आचारी ठेवलाय,” असे त्या ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. महालिंगप्पा ऐकून घेत. लेक उठून अंगणात हिंडू लागली तेव्हाच ते परत निघाले, आणि बोटीने न येता आगगाडीचा लांबचा, त्रासाचा मार्ग त्यांनी पत्करला.

अणदूरला लक्ष्मम्मांनी लुगड्यातले तुकडे पाहिले. त्यांनी ते परसात तुळशीच्या कडेला पुरले.

पुढे फाळणी झाली, पंचाक्षरी कुटुंब घेऊन सोलापुरास आले. नंतर रझाकारांचे दिवस आले आणि गेले, निजामाची राजवट संपली. १९४९ साली शिवकांता दुसऱ्या बाळंतपणासाठी अणदूरला आली. या खेपेस सर्व रीतसर झाले. महालिंगप्पांनी नवी बरणी आणली, तिला तूप चोळले, वेळेच्या कितीतरी आधी भरून पुरली. बरणीला कान लावून बसले असताना लक्ष्मम्मा जवळ आल्या.

“शांत झालं का?”

“झालं.” ते थोडे थांबले. “त्या बोटीवर त्यानं मला विचारलं होतं. बूच घट्ट लावू का म्हणून.”

“मग?”

“आत आवाज हाय, ते म्या सांगितलं न्हाय.”

लक्ष्मम्मा त्यांच्यासमोर बसल्या. “त्यानं दारू लिहिलं होतं. तोंड तर शिवलं नव्हतं ना तुमचं?”

“न्हाय.”

“माझ्या आजीची बरणी होती ती.”

एवढे बोलून त्या आत गेल्या. विषय पुन्हा निघाला नाही. नव्या बरणीतले औषध चांगले उतरले. शिवकांतेने ते घेतले आणि कडू काढ्यापेक्षा हे कितीतरी बरे, असे म्हणाली. लक्ष्मम्मांनी मात्र त्या बरणीला कधी ‘आपली’ म्हटले नाही, आणि ती धुवायला त्या कोणालाही देत.

महालिंगप्पा गेल्यावर दुकान पुतण्याकडे गेले. देणे-घेणे फिटले. आळंदच्या बरणीची भरपाई तेवढी राहिली, आणि ती होण्यासारखीही नव्हती. अखेरच्या दोन वर्षांत मात्र त्यांना एक सवय जडली होती. औषधाची बाटली देताना ते गिऱ्हाइकाचा हात धरून सांगत, “बूच सैल ठेवा.” पुढेपुढे कोणी सुंठ किंवा नुसता ओवा घ्यायला आले तरी ते तेच सांगत. लोक हसत, आणि पुडी बांधून घेऊन निघून जात. आतल्या दारात बसलेल्या लक्ष्मम्मा मात्र हसत नसत.