मुलाच्या अंगावरचे ठिपके

आमच्या मुलाच्या अंगावर लाल ठिपके दिसले, तेव्हा घरात पहिला संशय खाटेवर गेला. ऐंशीच्या दशकातले शेवटचे दिवस. नवरा रेल्वेत, नागभीडच्या क्वार्टरमध्ये ढेकणांचा सुळसुळाट आणि सासूबाईंचं त्यांच्याशी हाडवैर. "पोराले ढेकूण चावून राह्यले. काढ ते खाट बाहेर!" त्या लेकावर कडाडल्या. त्याने खाट अंगणात नेली, सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, गोधड्या उन्हात टाकल्या. मी ओली बाळंतीण दारात बसून बघत होते. ढेकूण एकही निघाला नाही. "लपले असतीन," सासूबाई म्हणाल्या. हार मानणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठिपके पोटापायांवर पसरले. बेंबीच्या फडक्याला रक्त लागलं आणि बाळ प्यायला तोंडच उघडेना. गावातल्या डॉक्टरांनी एका ठिपक्यावर काच दाबून पाहिली. चावल्याची लाली दाबली की फिकी पडते, ही जराही हलली नाही. "हे कातडीखालचं रक्त आहे. आजच नागपूरला न्या," ते म्हणाले.

छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, रखडत जाणाऱ्या गाडीची मी एरवी पोटभर थट्टा केली आहे. त्या दिवशी ती एकेका स्टेशनावर थांबली की मला रडू फुटायचं. नवरा रेल्वेचा माणूस, पण त्यालाही ती पुढे ढकलता येत नव्हती.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हा मायलेकांचं रक्त तपासलं. माझं ठीक होतं. मुलाच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त वाहू लागलं की तिथे जमून बूच लावणारे कण, जवळजवळ संपले होते. "नवजात बाळाच्या प्लेटलेट तशाही मोठ्यांपेक्षा मंद असतात," बाई म्हणाल्या. "बाकीचं रक्त त्यांना सांभाळून घेतं. पण त्या असायला तर हव्यात ना." मी कारण विचारलं. त्या आधी टाळत होत्या, मग बोलल्या. त्याच्या प्लेटलेट बापावर गेल्या असाव्यात. माझ्या शरीराला त्या परक्या वाटल्या आणि तो पोटात असतानाच ते त्यांच्यावर तुटून पडलं होतं.

मला माझ्याच अंगाची किळस आली. सोबत आलेल्या सासूबाई कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ढेकूणच असते त बरं झालं असतं वो."

उपायही माझ्यातच होता. त्याला चालतील त्या फक्त माझ्याच प्लेटलेट, कारण त्यांच्यावर माझं शरीर हात उचलत नव्हतं. माझं रक्त काढायचं, यंत्रात फिरवून प्लेटलेट वेगळ्या करायच्या, धुवायच्या आणि त्याला द्यायच्या. मी अशक्त, म्हणून उरलेलं लाल रक्त मला परत चढवायचं ठरलं. मी लगेच हात पुढे केला. इतक्या आनंदाने मी कधीच सुई टोचून घेतली नव्हती.

पिशवी आत गेली. भिंतीपलीकडे यंत्राची घरघर सुरू झाली आणि मी तिकडे कान लावून पडून राहिले. ती थांबायच्या आतच नवरा दारात येऊन उभा राहिला. बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, हे त्याच्यामागून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. माझा मुलगा गेला होता.

थोड्या वेळाने नर्स उरलेल्या लाल रक्ताची पिशवी घेऊन आली. तिचे डोळे लाल झाले होते. "बाई, हे तुमचं रक्त. चढवा लागते," ती म्हणाली. मी नको, नको म्हणत राहिले. सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला, आणि ते सगळं माझ्या अंगात परत गेलं.