पहिल्या रिंगची बाई

आत्याच्या पहिल्या यंत्राचा खून मी केला. हेतू मदतीचा होता. माझ्या हातून आजवर जे जे जळलं ते मदतीच्याच हेतूने.

टेलिफोनची तार आणि यंत्राचा बिस्किटाएवढा बोर्ड यांच्यामध्ये लावायला आत्याने एक छोटी जोडणी करून ठेवली होती. "ही मध्ये असल्याशिवाय कशाला हात लावू नकोस," असं बजावून ती चहा टाकायला गेली. मला वाटलं, सोयरीक सरळ होत असेल तर मध्ये दलाल कशाला? मी तार थेट बोर्डाला लावली, खिशातून मोबाइल काढला आणि आत्याच्याच लँडलाइनचा नंबर फिरवला. टेलिफोनची तार एरवी गरीब गाय असते. रिंग द्यायची वेळ आली की तिच्या अंगात येतं, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. बोर्डावरचा दिवा कधी नव्हे इतका तेजाने उजळला. मग वास आला.

आत्या धावत आली. पण धुराकडे नाही, फोनकडे. पहिली रिंग संपायच्या आत तिने रिसीव्हर उचलला होता.

"हॅलो, कोण बोलतंय?"

मोबाइल अजून माझ्या कानाला होता. "आत्या, मी बोलतोय," मी म्हणालो.

"दिसतंय," ती म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला.

त्या धुराच्या गडबडीत आत्याचं पहिल्या रिंगला उचलणं माझ्या लक्षात आलं नाही. आलं असतं तर पुढचे कितीतरी दिवस वाचले असते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. उभी हयात तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. डोक्याला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात वायरी, आणि पाठीमागे फेऱ्या मारणारी सुपरवायझर बाई. रिंग संपायच्या आत उत्तर गेलं नाही तर ती बाई नुसती खाकरायची. ते खाकरणं आत्याच्या हाताने इतकं मनावर घेतलं की सुपरवायझर बाई जाऊन जमाना झाला तरी तो हात अजून ड्यूटीवर आहे.

पुढे एक्स्चेंजमध्ये आपोआप नंबर जोडणारी यंत्रं आली. काळ बदललाय, आता सन्मानाने घरी बसा, असं साहेब लोकांनी ऑपरेटर बायकांना गोड शब्दांत समजावलं. निरोपाचा फोटो काढला. त्या फोटोत आत्या नाही, कारण ती खुर्चीतून उठलीच नाही. शेवटी कंटाळून त्यांनी तिला तक्रारींच्या टेबलावर बसवलं, आणि तिथे तिने निवृत्तीपर्यंत सगळ्यांना कंटाळा आणला.

तर अशा बाईला रोज दुपारी जेवणं झाली की एक फोन यायला लागला. ती उचलायची, हॅलो म्हणायची. पलीकडे नुसता श्वास. मग कट.

तिने हे मुलाला सांगितलं. हा माझा आतेभाऊ विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, म्हणून आत्या त्याला 'साहेब' म्हणते. रागावली की 'अहो साहेब'. साहेब आधी म्हणाले, राँग नंबर असेल. मग म्हणाले, कंपनीची काहीतरी गडबड असेल. आणि एका रविवारी, आमच्या सगळ्यांच्या देखत, अगदी मायेने म्हणाले, "आई, तुझे कान वाजतात."

कान वाजतात हे निमित्त. खरा बेत निराळा होता. आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, जिने चढते, त्यात आता नसलेले फोन ऐकायला लागली. तेव्हा तिने आपल्याकडे राहायला यावं, हे घर भाड्याने द्यावं, लँडलाइन बंद करावी. सुनेने खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती. मुलगा वाईट नाही हो. उलट इतका चांगला की त्याच्याशी भांडताना माणसाला आपलीच लाज वाटावी. आत्याला नाही वाटली.

"फोन कोणाचा ते मी दाखवते," ती म्हणाली. "नंबर दिसला तर मी इथून हलणार नाही. नाही दिसला तर उद्या पेटी भरते."

साहेब हसले आणि चालेल म्हणाले. त्यांनी दिलेला मोबाइल जी बाई कपाटात कपड्यांखाली बंद करून ठेवते ती काय दाखवणार?

आधी ती नंबर दाखवणारा तयार डबा आणायला दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "आजी, लँडलाइन अजून आहे?"

"मीसुद्धा अजून आहे," आत्या म्हणाली, आणि त्याच्याच काउंटरवरचा तो बोर्ड, सुट्ट्या भागांची पुडी आणि इवलीशी स्क्रीन घेऊन आली.

मग तिच्या स्वयंपाकघराची रया गेली. साबणदाणीत सोल्डरिंगची तापलेली सळई, डाळीच्या डब्याच्या झाकणात रेझिस्टर, आणि ओट्यावर लॅपटॉपमधून भरभर बोलणारा एक शिकवणारा माणूस. आत्या त्याला थांबवून थांबवून फैलावर घ्यायची. "एवढी घाई आहे तर शिकवायला कशाला बसलास?" मला तिने हरकाम्या म्हणून ठेवलं होतं, खुनानंतर फक्त धरायला आणि पुसायला. यंत्राचं नाव तिने 'चोंबडा' ठेवलं, कारण कोण आलं, कुठून आलं, ही चौकशी करणं एवढंच त्याचं काम.

पण चोंबडा बोलेना. फोन यायचा, स्क्रीन कोरी. कधी एखादा आकडा उमटायचा आणि मग फुल्या. आत्याने प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. मी वायरी बदलल्या. तिने चिप बदलली. मग तिने माझ्याकडे संशयाने बघितलं, पण मला बदलण्याची सोय नव्हती. साहेब येऊन कोरी स्क्रीन बघून गेले. जाताना त्यांनी पेटीवरची धूळ फुंकली.

उलगडा झाला तो साबणाच्या फेसात. एका संध्याकाळी चाचणीसाठी मी जिन्यातून मोबाइलवरून रिंग दिली, तेव्हा आत्याचे दोन्ही हात भांड्यांच्या फेसात कोपरापर्यंत होते. नळ बंद कर, हात पूस, चप्पल शोध, यात दुसरी रिंग वाजली, तिसरी वाजली. मी वर आलो तर स्क्रीनवर माझा नंबर, पहिल्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत, शहाण्या मुलासारखा रांगेत उभा.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्या एक्स्चेंजची रीतच तशी होती: नंबर पाठवायचा तो पहिली आणि दुसरी रिंग यांच्या मधल्या शांततेत. आणि त्या शांततेपर्यंत आत्याने आयुष्यात कधी फोन वाजू दिला नव्हता. यंत्र बिचारं ऐकायला कान टवकारायचं, तोवर बाई हॅलो म्हणून मोकळी.

"म्हणजे दोष माझ्या हातात?" आत्या म्हणाली. हा अपमान तिला कान वाजण्याहून जिव्हारी लागला.

प्रोग्रॅम लिहिणं सोपं होतं. हात आवरणं महाकर्मकठीण. मी मुद्दाम रिंग द्यायचो आणि ती खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसायची. तरी पहिल्या रिंगला हात सुटायचाच. "फोन वाजतोय आणि मी बसून आहे म्हणजे कोणाचं तरी काम अडलंय," ती कळवळून म्हणायची. शेवटी ती हातांवरच बसली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून आत्याकडे गेलो. जेवणं झाली. फोन वाजला. आत्या दोन्ही हातांवर बसलेली, मान ताठ, डोळे मिटलेले. पहिली रिंग संपली. त्या शांततेत चोंबड्याच्या स्क्रीनवर आकडे भराभरा उमटले. दुसरी रिंग सुरू झाली तेव्हा आत्याने चष्मा चढवला आणि जुन्या सवयीने, एक्स्चेंजच्या ठेक्यात, नंबर मोठ्याने वाचला. शेवटच्या आकड्याला ठेका तुटला.

"साहेबांच्या ऑफिसातल्या टेबलावरचा आहे," ती म्हणाली.

फोन वाजतच होता. मी उचलायला वाकलो तर माझ्या हातावर फटका बसला. "वाजू दे."

वाजून वाजून बंद पडला. पुन्हा वाजला. तोच नंबर. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आत्याचा उजवा हात हळूच बाहेर आला होता. तिने तो डाव्या हाताने पकडून परत मांडीखाली घातला. मग फोन गप्प झाला, आणि आम्ही दोघं जिन्याकडे कान लावून बसलो.

साहेब आले ते हेल्मेटसकट. पायांत बूट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात किल्ली. आणि दार उघडं असताना ते किल्ली कुलपात घालायला बघत होते. आत आई खुर्चीत बसलेली दिसली तशी त्यांनी भिंत धरली.

"फोन का नाही उचललास?"

आत्या शांतपणे म्हणाली, "अहो साहेब, वाजत होते ते माझे कान. तुम्हाला कसे ऐकू आले?"

साहेबांनी स्क्रीनकडे बघितलं. हेल्मेट काढलं. मग, हेल्मेटशीच बोलल्यासारखे, म्हणाले की रोज ती पहिल्या रिंगला उचलते, तेवढं कळलं की जीव भांड्यात पडतो आणि पुढचं काम सुचतं. बोलत बसलो तर ती विचारणार, जेवलास का, उशिरा का जेवलास, आणि समोर ऑफिसातले लोक बसलेले. आणि एकदा राँग नंबर म्हणून बसल्यावर माघार कशी घेणार?

"म्हणून मला वेडी ठरवलंस."

"घरी आणायचं होतं तुला," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो साहेबासारखा दिसत नव्हता.

आत्या उठली, त्याला पाणी दिलं, पेटी पलंगाखाली पायाने पार आत ढकलली आणि म्हणाली, खोलीला रंग दिलाच आहे तर भाडेकरू तिकडे ठेवा. यापुढे श्वास ऐकवायचा असेल तर आधी 'आई' म्हणायचं, मग कट करायचं.

तो गेल्यावर मी विचारलं, "आत्या, पैज तर जिंकलीस. आता फोन आला की पहिल्यासारखा पहिल्या रिंगला उचलशील ना?"

"नंबर बघून."