ट्रंकेतल्या पोथ्या

सिद्धगडाच्या पायथ्याचा कमळू चौथी शिकलेला, म्हणून श्रावणात देवळात पोथी वाचायचा मान त्याचा. त्रेचाळीस साली बदली झालेले मास्तर जाताना त्याला पुस्तकांची ट्रंक देऊन गेले. आत इतिहास आणि कादंबऱ्या एकमेकांत कोंबलेल्या. कमळूला त्या सगळ्या पोथ्याच वाटल्या. गावानेही प्रत्येकीला हळदकुंकू वाहून ती ऐकली. इतिहासात हजारो माणसे कापली गेली, तेव्हा लोक जांभया देत होते. पण एका कादंबरीतली पोर बाळंतपणात गेली, तेव्हा बाया रडत उठल्या आणि ओढ्यावर जाऊन सुतकाची अंघोळ करून आल्या. हसणाऱ्याने खुशाल हसावे.

दुसऱ्या दिवशी कमळूने त्या पुस्तकाची, आधी वाचताना वगळलेली प्रस्तावना वाचली. संध्याकाळी खालच्या मानेने त्याने सांगितले, "ती पोर झालीच नाय. लिवणाऱ्यानं मनानं रचलीय."

मग म्हातारी बाईजा म्हणाली, "न झालेलीचं येवढं लिवलं. माझी लेक रंगू तर झाली व्हती ना रे? ती पण अशीच गेली."

कमळूने इतिहासाच्या पुस्तकाचे शेवटचे कोरे पान उघडले. त्यावर रंगूचे नाव, गाव आणि साल लिहिले, आणि पोथीच्याच सुरात मोठ्याने वाचले.

बाया उठल्या आणि पुन्हा ओढ्याकडे निघाल्या.