कपाटाच्या आरशावरचा अंगठा

नोकरीतले बरेचसे गुन्हे मी आता विसरून गेलो आहे. हा एक मात्र तपशिलासकट आठवतो. नावे देणार नाही. गावही सांगत नाही. नांदेड जिल्ह्यातले एक तालुक्याचे ठाणे आणि मी तिथे निरीक्षक, एवढे पुरे.

एका आडत व्यापाऱ्याचे कुटुंब लग्नासाठी उदगीरला गेले होते. त्या दुपारी कोणीतरी मागचे दार उचकटून कपाटातले दागिने नेले. मी स्वतः जमादारांना घेऊन घटनास्थळी गेलो. कपाटाचे आरशाचे दार अर्धवट उघडे होते. ते ढकलून मी आत डोकावलो, रिकामे कप्पे पाहिले आणि पंचनामा लिहायला सांगितला. हातमोजे गाडीत होते, ते गाडीतच राहिले. बहुतेक वेळा तसेच व्हायचे.

मागून ठसेतज्ज्ञ आले. त्यांनी आरशावरून एक अंगठा उचलला. "साहेब, असा स्वच्छ ठसा क्वचित मिळतो," असे ते म्हणाले तेव्हा मी खूश झालो. पूर्वी ठसा पाठवला की उत्तर येईपर्यंत आमची बदली व्हायची. आता जुन्या कागदी ठसेपत्रिका संगणकात चढवल्या आहेत. दुसऱ्याच दिवशी नाव आले. कंधारकडचा एक गवंडी, वीसेक वर्षांपूर्वी विहिरीवरची मोटार चोरल्याच्या संशयावरून अटक झालेला.

त्याच दिवशी माझा खबऱ्याही येऊन बसला. "साहेब, त्यो मिस्त्री महिन्यामागं त्याच घराला भाईरून गिलावा करून गेलाय. घर समदं हेरलेलं हाय त्यानं." यंत्र आणि माणूस दोघेही एकच नाव घेत आहेत म्हटल्यावर मला आणखी काय हवे होते? मी मिस्त्रीला उचलून आणले.

पन्नाशीचा, काटकुळा माणूस. तळहात सिमेंटने खाऊन टाकलेले.

"त्या घराच्या आत म्या पाय बी ठिवला न्हाई, साहेब."

"मग आरशावर अंगठा कुणाचा? तुझ्या बापाचा?"

तो आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिला. "मशीन म्हनत आसंल तर म्या काय बोलू? पर म्या न्हाई केलं."

खोटे बोलणारा माणूस एक तर चिडतो, नाही तर नको तितके बोलतो. हा दोन्ही करत नव्हता. माझ्या ते लक्षात आले होते, तरी मी आवाज चढवतच गेलो, कारण हातात यंत्राचा कागद होता. शेवटी त्याने एकच विनवणी केली. "साहेब, माझ्या पोरीचं पोलीस भरतीच्या यादीत नाव आलंय. तिच्या चौकशीचा कागज तुमच्याच ठाण्याला येनार हाय. बाप चोर हाय म्हून लिवू नका. लई पळालीय ती त्याच्यासाठी."

मी म्हणालो, "हे चोरी करायच्या आधी सुचायला हवं होतं." लाज वाटावी अशी वाक्ये पोलिसाच्या तोंडून बरीच निघतात, पण हे मला अजून टोचते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला रिमांडसाठी कोर्टात न्यायचे होते. त्याची बायको भाकरी बांधून आली, सोबत ती मुलगी. मी बाईला अंगठ्याचे सांगितले, तशी ती उसळली.

"कुनाचा अंगठा? त्येंचा? रेशनच्या मशीनीला त्येंचा अंगठा कवाच लागंना झालाय. दर महिन्याला मीच जाते अंगठा लावाया. शिमिटानं बोटाच्या रेघा ऱ्हायल्याच न्हाईत, अन् आरशाला बरा उमटला?"

"आई, हळू बोल," मुलगी म्हणाली.

"हळू कशापायी? इचारू दे की!"

मी मिस्त्रीला कोठडीतून बाहेर काढले आणि शाईच्या पाटीवर त्याची बोटे स्वतः फिरवली. कागदावर दहा काळे डाग उमटले. एकाही बोटाची रेघ दिसेना. मग मी ठसे विभागाकडून जुन्या पत्रिकेचा फोटो मोबाइलवर मागवला. त्यावरच्या दहाही बोटांच्या रेघा मोजता येतील अशा होत्या. खाली 'ठसे घेणारा' या शब्दांपुढे सही होती. ती माझी होती.

मग सगळे आठवले. मी तेव्हा दुसऱ्या ठाण्यात नवा फौजदार होतो. मिस्त्रीच्या बोटांची पत्रिका 'अस्पष्ट' असा शेरा मारून दोनदा परत आली होती. तोवर तो जामिनावर सुटून कामाला निघून गेला होता आणि आमची वार्षिक तपासणी तोंडावर आली होती. ठाण्याची लिखापढी पाहणारा रायटर म्हणाला होता, "साहेब, धा बोटं पायजेत. कुनाची का असंनात, कोन बघतंय?" मी माझी दहा बोटे लावली, साबणाने हात धुतले आणि चहा प्यायला गेलो.

माझ्या उजव्या अंगठ्यावर लहानपणी कडबा तोडताना लागलेल्या विळ्याचा तिरका व्रण आहे. तोच व्रण पत्रिकेवर होता आणि टेबलावरच्या फायलीत लावलेल्या, आरशावरून उचललेल्या ठशातही होता. यंत्राने आपले काम चोख केले होते. दोन्ही अंगठे एकाच माणसाचे आहेत असे त्याने सांगितले, आणि तो माणूस मी होतो.

"साहेब, गाडी तयार हाय," जमादार दारातून म्हणाले.

मी शूरपणाचा आव आणणार नाही. तो ठसा माझा आहे हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते. पुरावा अपुरा म्हणून मिस्त्रीला सोडून दिले असते, तर सगळे तिथेच मिटले असते. मी तसे करायचे जवळजवळ ठरवलेही होते. पण त्याच्या नावाभोवतीचा संशय कागदावर तसाच राहिला असता, आणि बाहेरच्या बाकावर ती मुलगी प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरून बसली होती. मी स्टेशन डायरी ओढली, घडले ते माझ्या हाताने लिहिले आणि वरिष्ठांना फोन लावला.

माझी खातेनिहाय चौकशी झाली, शिक्षाही झाली. खरे चोर पुढे लातूरला सापडले. ते हाताला चिंध्या गुंडाळून काम करायचे. मुलगी भरती झाली.

सुटला त्या दिवशी मिस्त्रीने मला हात जोडले नाहीत, ते बरेच झाले. तो एवढेच म्हणाला, "ती मोटार बी म्या चोरली नव्हती, साहेब. कोर्टानं सोडलं व्हतं मला. मंग त्या मशीनीत माझं नाव अजून कामून हाय?"

मी म्हणालो, काढून टाकतो. निवृत्तीपर्यंत पत्रे पाठवत राहिलो. 'प्रकरण विचाराधीन आहे' एवढे उत्तर आले. त्याचे नाव निघाले की नाही, मला आजही माहीत नाही. बोटांचे ठसे खोटे बोलत नाहीत, असे आम्ही नव्या मुलांना शिकवायचो. त्या ठशांखाली नाव लिहिणाऱ्या हाताबद्दल मात्र कोणी काही शिकवत नव्हते.

परवा नातीला आणायला शाळेत गेलो आणि काचेचा दरवाजा उजव्या हाताने ढकलला. चार पावले गेल्यावर काचेवर उमटलेला अंगठा आठवला. परत फिरलो आणि रुमालाने काच पुसायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या आजोबा, आम्ही पुसतो की," शिपाई म्हणाला.

मी पुसतच राहिलो. त्या शाळेत उद्या काही चोरीला गेले, तर पोलीस मिस्त्रीच्या दारात जातील.